सरांनी काय बदललं

माझ्याकडे नकलांचा बऱ्यापैकी स्टॉक होता. कणकवलीच्या शाळेतले हेडमास्तर, एस.टी. स्टँडवर गाड्या पुकारणारा कंट्रोलर, नाहूरला मामाकडे राहायला आल्यावर चाळीचा मालक, पाणी गेलं की बोंब मारणाऱ्या कोपऱ्यातल्या काकू, सगळे माझ्या घशात मुक्कामाला होते. फक्त इंग्रजीच्या सरांची नक्कल मला कधी जमली नाही. म्हणजे आवाज जमायचा. तो जाडा, शेवटी मालवणी हेल काढणारा आवाज मी हुबेहूब काढायचो. पण समोरचे हसायचेच नाहीत. एकदा क्लासच्या जिन्यात मी सरांच्या आवाजात विचारलं, "नाऊ टेल मी, व्हॉट डिड यू डू टुडे?" पुढे चढणारी सुलभा टायपिस्ट मागे वळून न बघता दिवसभरात काय काय केलं ते इंग्रजीत सांगत वरपर्यंत गेली. आता अशा माणसाची नक्कल करून काय फायदा?

क्लास मुलुंडला एका पिठाच्या चक्कीच्या वर होता. खाली चक्की सुरू झाली की वरचे बाक थरथरायचे आणि सर बोलणं थांबवून हातवाऱ्यांनी शिकवायचे. चक्की बंद झाली की जिथे होते तिथून पुढे बोलायला लागायचे. मधलं आपल्याला कळलंच असणार, हा त्यांचा विश्वास. आणि गंमत म्हणजे कळलेलं असायचं.

दिवसा ते आरे कॉलनीत दुधाचा हिशेब ठेवणारे कारकून. त्यांची ड्युटी दुपारची. तिथून सुटले की तसेच क्लासला. अंगाला कडब्याचा वास, राखाडी सफारी, आणि खिशात इतके खडू की खिशाच्या कडा कायम पांढऱ्या. सकाळची वेळ मात्र त्यांनी झोपेसाठी राखून ठेवलेली. "नऊच्या आधी मी मराठीत पण बोलत नाही," असं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्यांच्या मते देवाने माणसाला एकच गोष्ट स्वतःची दिली आहे, ती सकाळची झोप. बाकी सगळं ऑफिसचं आणि बायकोचं.

त्यांचं इंग्रजी कोकणातून थेट आलेलं होतं, वाटेत कुठे थांबलं नव्हतं. दळवी नावाचा एक पोरगा क्लासला होता, कुर्ल्याच्या गॅरेजमधला. तो एकदा बोलून गेला, "सर, तुमचा उच्चार जरा आपल्यासारखाच आहे ना." सर अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "दळवी, इंग्रजी ही माझी सासुरवाडी आहे. मी तिथे जावयासारखा बोलतो. ऐकून घ्यायचं काम त्यांचं."

शिकवायची तऱ्हा अशी की एक क्रियापद फळ्यावर लिहायचं आणि ते आठवडाभर पुसायचं नाही. अर्थ सांगायचा नाही. अर्थ विचारला तर म्हणायचे, "मीनिंग डिक्शनरीत मिळतं. त्यासाठी मुलुंडला कशाला येता? नाम खिशात घालून फिरता येतं. क्रियापद आधी करावं लागतं, मग तोंडात येतं." आणि खरंच करायला लावायचे. 'कॅरी' शिकलो तेव्हा आम्ही चक्कीवाल्याची गव्हाची पोती आत नेऊन ठेवली. 'रिपेअर'च्या आठवड्यात मोडका बाक नीट झाला. 'पेंट'च्या आठवड्यात भिंत रंगली. दळवी म्हणायचा, "हा क्लास नाही यार, मजुरांचा नाका आहे. उद्या सर 'डिग' शिकवतील आणि आपण विहीर खणत बसू."

मी या क्लासला कसा आलो ते सांगायला हवं, कारण मी एकटा नव्हतो. माझ्या बाजूला माझा मामा बसायचा.

मामा लालबागच्या एका कापडगिरणीत साचेवाला होता, साच्यावर कापड विणायचा. संप झाला, गिरणीला टाळं लागलं, ते उघडलंच नाही. पण मामाची सकाळ काही बंद पडली नाही. पहिल्या पाळीच्या वेळेला तो उठायचा, दाढी करायचा, मामीने भरलेला डबा घ्यायचा आणि नाहूरहून गिरणीच्या गेटवर जायचा. तिथे त्याच्यासारखे पुष्कळजण यायचे. गेटच्या भिंतीला टेकून प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली, आत साच्यावर होती तशीच. पाळीच्या वेळेला त्यांच्यातला एक म्हातारा मुकादम सगळ्यांची डोकी मोजायचा. आतल्या मॅनेजरला कळलं पाहिजे की माणसं अजून हटलेली नाहीत. मग डबे खाऊन सगळे घरी.

मामी बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगला लागली होती. दिवसभर उभं राहून काम. संध्याकाळी आली की तिचे पाय सुजलेले असायचे आणि ती ते परातीत गरम पाण्यात घालून बसायची. मामा त्या परातीकडे कधी बघायचा नाही. पेपर उलटा धरून वाचायचा.

अशात आमच्या गावचा एकजण, सांताक्रूझला विमानतळाजवळच्या मोठ्या हॉटेलात किचनला होता, तो येऊन सांगून गेला की दरवानाची जागा निघणार आहे. मामा उंच, छाती भरलेली, मिशी तर अशी की चाळीतली लहान पोरं तिला घाबरायची. फक्त पाव्हणे परदेशी, त्यामुळे साहेब इंग्रजीत चार प्रश्न विचारणार. मामीने दुसऱ्याच दिवशी मामाला क्लासला घातलं, आणि तो मधूनच पळून जाऊ नये म्हणून सोबत मला.

मामा यायचा, बसायचा, पण बोलायचा नाही. सरांनी प्रश्न विचारला की उभा राहायचा आणि मिशीवरून हात फिरवायचा. सर थोडा वेळ वाट बघून म्हणायचे, "व्हेरी गुड, सिट डाऊन." मी एकदा विचारलं, "सर, ते काही बोललेच नाहीत, व्हेरी गुड कशाला?" सर म्हणाले, "उभा राहिला ना. तू बसून बोलतोस."

मग एका सोमवारी सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चेंज'.

आम्ही सगळे हसलो. दळवी म्हणाला, "सर, हे काय? हे तर माझ्या आज्जीला पण येतं."

"आज्जीने शेवटचं काय चेंज केलं?" सरांनी विचारलं.

दळवी बोटं मोडून आठवायला लागला.

"तेच. या शब्दाला सगळे ओळखतात, पण घरी कोणी जेवायला बोलावत नाही. या आठवड्यात प्रत्येकाने आपली रोजची एक गोष्ट बदलायची. शनिवारी येऊन सांगायचं."

सुलभा फार शांत मुलगी, पण तिने विचारलं, "सर, तुम्ही काय बदलणार?"

"मी?" सरांनी खिशातले खडू चाचपले. "माझं काय राहिलंय बदलायचं? एक सकाळची झोप आहे, तिला हात लावायचा नाही."

शनिवारी दळवी मिशी काढून आला. "आय चेंज माय फेस. माय मदर नॉट ओपन द डोअर." सरांनी वाक्य नीट करून दिलं आणि आईची समजूत घालायला घरी येतो म्हणाले. सुलभा झोपायची बाजू बदलून पंख्याखाली आली होती, तिथे आधी तिचा भाऊ झोपायचा. घरात चार दिवस महायुद्ध चालू होतं. माझी पाळी आली तेव्हा मी उठून रेडिओवरच्या बातम्यावाल्याच्या आवाजात म्हणालो, "आय हॅव चेंज्ड माय व्हॉइस." सगळे फुटले. सरही हसले. मग म्हणाले, "मस्त. पण तुझा फक्त घसा बदलतो, तू जागचा हलत नाहीस. पुढच्या शनिवारी परत."

मी बसलो. बाजूला मामा उठला होता. पहिल्यांदा त्याच्या तोंडातून इंग्रजी आलं.

"आय नो चेंज."

चक्की नेमकी बंद होती. मामा मराठीत पुढे म्हणाला, "मी काही बदलणार नाही. गिरणी चालू होणार आहे."

मला वाटलं, झालं, वाट लागली. सरांनी मामाकडे बघितलं, खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे. उद्या रविवार. उद्या सगळ्यांनी माझ्याबरोबर आरेला यायचं."

रविवारी जाताना आम्हाला सरांचं गुपित कळलं. त्यांचं स्वतःचं इंग्रजी कॉलेजात झालेलंच नव्हतं. नोकरीला लागले तेव्हा साहेबासमोर त्यांची बोबडी वळायची. मग ते दुपारी गोठ्यात जाऊन म्हशींशी इंग्रजीत बोलायला लागले. "म्हैस हसत नाही," ते बसमध्ये आम्हाला समजावत होते, "आणि चूक काढत नाही. एवढा चांगला मास्तर मला जन्मात मिळाला नाही." पवईला बस बदलताना त्यांनी आमच्याकडून एका सुरात 'वुई आर चेंजिंग द बस' म्हणून घेतलं. कंडक्टर बिचारा घाबरून बाजूला झाला.

गोठ्यात लांबच लांब रांगेत म्हशी. सर दारातच थांबून म्हणाले, "गुड आफ्टरनून, लेडीज." दोन-चार म्हशींनी खरंच माना वळवल्या. प्रत्येकाने एक म्हैस निवडायची आणि तिला आपलं सांगायचं, असा हुकूम झाला. सुलभाने तिच्या म्हशीला पंख्याची सगळी हकीकत सांगितली. दळवी 'हॅलो मॅडम'च्या पुढे जाईना. मी बातम्यावाल्याचा आवाज लावला, तर माझी म्हैस वळली आणि तिने माझ्याकडे पाठ केली. सर मागून म्हणाले, "चूक काढत नाही म्हणालो. कंटाळा लपवत नाही."

मामा एका म्हातारीशा म्हशीसमोर नुसता उभा. सर त्याच्याजवळ गेले आणि पहिल्यांदाच त्याच्याशी मालवणीत बोलले.

"काय झाला?"

"तिका काय सांगू मी?"

"माणसाक सांगूक लाज वाटता, तां सांग."

सर लगेच लांब जाऊन उभे राहिले. आम्हालाही त्यांनी हाताने मागे सारलं. मामाने आधी म्हशीची शिंगं बघून घेतली. मग खोल आवाजात सुरू झाला. "आय ॲम वीव्हर. मिल इज क्लोज. एव्हरी मॉर्निंग आय गो. गेट इज क्लोज. आय कम होम." म्हैस चघळत होती. "माय वाईफ इज स्टँडिंग. ऑल डे स्टँडिंग. आय ॲम सिटिंग." म्हशीने कान हलवला, तेव्हा पुन्हा म्हणाला, "आय ॲम सिटिंग."

सर एरवी कोणाचं वाक्य सोडायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी एकही नीट केलं नाही. जाताना त्या म्हशीच्या कपाळावर थोपटून म्हणाले, "थँक यू."

त्यानंतर मामा क्लासमध्ये बोलायला लागला. घरी मी साहेब व्हायचो आणि तो उमेदवार. मी साहेबाचे वेगवेगळे आवाज काढायचो, खेकसणारा, नाकातून बोलणारा, घाईवाला. मामी परातीत पाय घालून बघायची आणि म्हणायची, "ह्यो साहेब बरो नाय, दुसरो आण." मामा गुड मॉर्निंगपासून धिस वे प्लीजपर्यंत तयार झाला. आणि बोलावणं आलं.

मुलाखत शुक्रवारी सकाळी होती. गुरुवारी संध्याकाळी मामा क्लासमध्ये उठला आणि म्हणाला, "सर, मी उद्या जाणार नाही."

मी म्हटलं, "मामा, असं काय करतोयस? मामी काय म्हणेल?"

"सकाळची वेळ आहे," तो सरांकडेच बघून बोलत होता. "गेटवर माणसं मोजतात. आधीच कमी व्हायला लागलीत. कोणी गावी गेला, कोणी रिक्षा चालवतो. रोज मुकादम मोजतो आणि रोज तोंड पाडून बसतो. उद्या माझी जागा रिकामी दिसली तर माझ्या बाजूचा परवा येणार नाही. मी त्यांना काय तोंड दाखवू?"

सर काही बोलणार, तेवढ्यात खाली चक्की सुरू झाली. आम्हाला वाटलं आता हातवारे करतील, पण ते फक्त मामाकडे बघत होते. चक्की थांबली तेव्हा म्हणाले, "बसा. पुढचं बघू." आणि चक्क दुसरंच काही शिकवायला लागले. मला सरांचा इतका राग आला की जिना उतरताना मी त्यांची नक्कलसुद्धा केली नाही.

शुक्रवारी मामा रोजच्यासारखा पहिल्या पाळीच्या वेळेला निघाला. मामीने इस्त्री केलेला शर्ट त्याने घातला होता, ती तेवढ्यावरच आशा धरून होती. मी काहीही न ठरवता त्याच्या मागे. नाहूर स्टेशनच्या पुलावर चढलो, तर वरती राखाडी सफारी.

भांडुपला राहणारा माणूस उलटा नाहूरला आला होता. केस एका बाजूने उभे, डोळे अर्धे मिटलेले, एका पायाचा अंगठा चपलेत धड घुसला नव्हता. मी घाईघाईने म्हटलं, "गुड मॉर्निंग सर." त्यांनी उत्तर दिलं नाही. नऊ वाजायचे होते. मामासमोर डब्यासाठी हात पुढे केला आणि म्हणाले,

"डबो हाड हय."

मामाला कळेना. "कित्याक?"

"मी बसतंय तुझ्या जाग्यार. भिंतीक खयसर बसतस तां सांग."

मामा पुलाच्या कठड्याला धरून उभा राहिला. "सरांनू, ते तुमका वळखत नाय."

"म्हशी पण वळखत नाय हुत्यो."

"आणि ड्युटी?"

"दुपारी आसा ती. जा तू. डबो हाड."

मामाने डबा दिला. मग पुलावरच हाताने हवेत भिंत काढून दाखवली, गेटपासून इतकं अंतर, बाजूला भिंतीचा पोपडा उडालाय, उजवीकडे अमका बसतो, त्याला कमी ऐकू येतं. सर अर्ध्या झोपेत मान हलवत होते. गाडीत त्यांना खिडकी मिळाली आणि विक्रोळीच्या आत ते झोपले, डबा मांडीवर घट्ट धरून. दादरला आम्ही गाडी बदलायला उतरलो तेव्हा मामाने त्यांना हलवून सांगितलं, "करीरोडला उतरा." सर डोळे न उघडता म्हणाले, "आय नो."

हॉटेलसमोरच्या बसस्टॉपवर आम्ही बराच वेळ काढला. मी सगळे साहेब करून बघितले. मामा ऐकत नव्हता. मध्येच म्हणाला, "झिला, मोजून झाली असतील काय रे?"

आत काय झालं ते मामाने नंतर इतक्या वेळा सांगितलं की आता मला ते मी तिथे असल्यासारखं दिसतं. साहेब माझ्या कुठल्याच आवाजासारखा नव्हता. हळू बोलणारा, चष्मेवाला. गुड मॉर्निंग झालं, नाव झालं. मग त्याने विचारलं, मिल कधी सोडली? हा प्रश्न आमच्या तयारीत नव्हता. मामा म्हणाला, "आय नॉट लीव्ह, सर."

साहेब म्हणाला, सोडली नाही तर इथे कसा?

"आय चेंज, सर. माय प्लेस नो चेंज. माय टीचर इज सिटिंग देअर."

साहेबाला काही झेपलं नाही. त्याने पेन खाली ठेवून विचारलं, कोण टीचर? कुठे बसलाय? आणि मामा सुरू झाला. गेट, मुकादम, डोकी मोजणं, डबा, म्हैस, सगळं इंग्रजीत. क्रियापदं आडवीतिडवी पडत होती, पण मामा त्यांच्यावरून चालत गेला. मध्ये साहेबाने दोघांसाठी चहा मागवला. शेवटी फक्त एवढंच विचारलं, "तुम्ही हे सगळं म्हशीला सांगितलं?"

"येस सर. फर्स्ट बफेलो. नाऊ यू."

नोकरी लागली. फेटा, लांब कोट, सोनेरी बटणं. मामी एकदा मुद्दाम बघायला गेली, आणि मामाने तिच्यासाठी दार उघडलं तेव्हा ती आत जाईना. म्हणाली, "तू बंद कर आधी, माका हसाक येता." महिन्याभरात तिने पॅकिंगचं काम अर्ध्या दिवसावर आणलं. परात भिंतीला टेकून उभी दिसायला लागली.

आम्हाला वाटलं होतं सर त्या एका शुक्रवारपुरते गेले. क्लासमध्ये त्यांनी विषय काढला नाही, आम्हीही नाही. फळ्यावर दुसरं क्रियापद आलं. फक्त हल्ली चक्की सुरू झाली की सर हातवारे करायच्या ऐवजी खुर्चीत बसून डोळे मिटायचे. सुलभा म्हणाली, "सरांची तब्येत बरी नाही वाटतं." दळवी म्हणाला, "वय झालं यार."

मामाला पहिली सुट्टी मिळाली त्या दिवशी तो पाळीच्या वेळेला उठला आणि मला म्हणाला, "चल, गेटवर जाऊन येऊ." त्याने डबा घेतला नव्हता, तो त्या दिवसापासून सरांकडेच राहिला होता. आपल्याला बघून तिथले लोक काय म्हणतील हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

भिंतीला टेकून माणसं बसली होती. मधे पोपडा उडालेल्या जागी राखाडी सफारी. मांडीवर मामाचा डबा, मान एका बाजूला पडलेली, तोंड उघडं. गाढ.

बाजूचा कमी ऐकणारा माणूस मोठ्या आवाजात म्हणाला, "अरे ये. तुझा मास्तर रोज येतो." मग आवाज आणखी चढवून, म्हणजे त्याला वाटलं हळू बोलून, म्हणाला, "बोलत काय नाय. आला की झोपतो."

मामा सरांच्या शेजारी सरकून बसला. मुकादम काठी टेकत आला आणि एकेका डोक्याकडे बोट दाखवत मोजायला लागला. सरांपाशी आला तेव्हा मामाने हळूच विचारलं, "काका, यांना कशाला मोजता? झोपलेत ते."

"झोपू दे," मुकादम म्हणाला. "आम्ही धरतो."

मग त्याने मामाकडे बोट केलं, मोजणी संपवली आणि दचकून पहिल्यापासून पुन्हा मोजायला लागला. दुसऱ्या खेपेलाही तेवढीच भरली. किती महिन्यांनी कोण जाणे, गेटवर कालच्यापेक्षा एक माणूस जास्त होता.